कोपराला लावलेला गूळ

खांदेश्वर परिसरात टेनिसचं कोर्ट शोधत हिंडावं लागेल. टेनिस एल्बो मात्र सोसायटीच्या प्रत्येक विंगमध्ये एखादा तरी भेटतो. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत हे प्रमाण साधारण १०० प्रौढांमागे १ ते ३ असं निघालं आहे, आणि त्यातली बहुतेक माणसं चाळिशी-पन्नाशीतली. कामोठे आणि नवीन पनवेलच्या मधल्या या भागात कुणाचे कोपर दुखतात, हे फिजिओथेरपीच्या दवाखान्यातल्या बाकावर तासभर बसलं की कळतं. पोळीभाजी केंद्रात दिवसभर लाटणं फिरवणाऱ्या बाई, बांधकामावर हुकाने बाइंडिंग तार पिळून सळया बांधणारा फिटर, कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल उचलणारा माथाडी, हार्बर लाइनने रोज मुंबई गाठून आठ-आठ तास माउस धरणारी मुलगी. रॅकेट कुणाच्याच हातात नसते.

त्या बाकावर मी बसलो ते ओळखीच्या एका काकूंमुळे. त्या पोळीभाजी केंद्रात कामाला. उजव्या कोपराची बाहेरची बाजू ठणकू लागली तेव्हा एका डॉक्टरांनी तिथेच इंजेक्शन दिलं. चौथ्या दिवशी काकू म्हणाल्या, जादू झाली. दोन महिन्यांनी दुखणं परतलं, दुसरं इंजेक्शन झालं, मग तिसरं. आता कोपराच्या हाडाजवळ रुपयाएवढा पांढरट डाग आहे, तिथली कातडी आत बसली आहे आणि भरलेला तांब्या उचलताना हात थरथरतो. कोपराच्या कंडरांविषयी वैद्यकाला आज नेमकं काय कळलेलं आहे, हे त्यानंतर मी नेटाने वाचत गेलो. या लेखात ते सगळं मांडतो आहे.

आधी नावाचा गोंधळ. १८७३ साली जर्मनीत रुंगे नावाच्या डॉक्टरांनी हे दुखणं प्रथम नोंदवलं ते लिहून लिहून हात दुखावलेल्यांचं. लॉन टेनिसची लाट आली आणि दहा वर्षांच्या आत इंग्लंडमधल्या वैद्यकीय नियतकालिकांनी त्याला खेळाचं नाव दिलं. कारकुनाचं दुखणं खेळाडूच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. त्याचा तोटा आजही होतो, कारण ‘मी तर कधी टेनिस खेळले नाही’ म्हणून निदानावरच अविश्वास दाखवणारे पुष्कळ भेटतात.

कंडरा हा शब्द मात्र आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १६ कंडरा मोजल्या आहेत. पायांत ४, हातांत ४, मानेत ४, पाठीत ४. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली पनवेलमध्ये धूतपापेश्वरचा कारखाना काढला, तेव्हा या मुलखातल्या वैद्यांच्या तोंडी तो असणारच. आजच्या शरीरशास्त्रात कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट, पांढरा दोर. त्याला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून तो दुखावला की सावकाश भरतो. हाडाला हाड बांधणारा तो अस्थिबंध, तो निराळा.

कोपरापाशी अशा चार जागा आहेत. बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंच्या कंडरा चिकटतात. तिथलं दुखणं ते टेनिस एल्बो. आतल्या उंचवट्यावर मनगट खाली वाकवणाऱ्या. तिथलं ते गोल्फर्स एल्बो, पाच-सहा पटींनी कमी आढळणारं. पुढच्या खोबणीत दंडाच्या बायसेप्सचा दोर, मागच्या टोकाला ट्रायसेप्सचा. पहिल्या दोन जागी कंडरा झिजते, शेवटच्या दोन जागी ती तुटू शकते. झीज आणि तूट यांतला हा फरक वाचकाने मनाशी पक्का धरावा. झिजलेल्या कोपराला सबुरी लागते आणि तुटलेल्याला घाई. आपल्याकडे बऱ्याचदा होतं ते उलटं.

मूठ आवळताना बोटं वळतात आतल्या बाजूच्या स्नायूंनी, मग दुखतं बाहेर का? मनगट खाली वाकवून मूठ घट्ट आवळून पाहा. ताकद लागतच नाही. मूठ जोरदार व्हायची तर मनगट किंचित वर उचलून धरावं लागतं, आणि ते काम बाहेरच्या स्नायूंचं. म्हणजे कपडे पिळा, कणीक तिंबा, तार पिळा, हातोडा मारा, बाइकचा क्लच दाबा; प्रत्येक आवळण्याला बाहेरची कंडरा ओढली जाते. त्यातही मनगट उचलणारी एक आखूड कंडरा बहुतेक वेळा गुन्हेगार ठरते. कोपर वाकवता-सरळ करताना तिची खालची बाजू हाडाच्या गोल टोकावर घासत राहते.

बराच काळ या दुखण्याला सूज समजलं गेलं आणि औषधंही सुजेचीच दिली गेली. १९७९ मध्ये अमेरिकेतले शल्यचिकित्सक रॉबर्ट निर्शल आणि त्यांचे सहकारी फ्रँक पेट्रोन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींविषयी जे लिहिलं, त्याने ही समजूत हलली. सूक्ष्मदर्शकाखाली सुजेच्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. दिसले ते विस्कटलेले तंतू आणि वेड्यावाकड्या वाढलेल्या बारीक रक्तवाहिन्या. वारंवारच्या ताणाने तंतू तुटतात, पुरते जुळायच्या आत पुन्हा ताण येतो, आणि शेवटी कंडरेची डागडुजीच बिघडते. वापरून विरलेल्या दोरखंडासारखी तिची गत होते. सूज उतरवणारं औषध अशा दोराचे तंतू विणून देत नाही.

निदानाला यंत्र फारसं लागत नाही, आणि याचा मला मनापासून आनंद वाटतो. डॉक्टर बाहेरच्या हाडावर आणि त्याच्या बोटभर पुढे अंगठा दाबतात. रुग्ण हात मागे खेचतो. मग कोपर सरळ, तळहात जमिनीकडे ठेवून मूठ वळायची आणि मनगट वर उचलायचं, डॉक्टर ते खाली दाबतात. तसंच एकटं मधलं बोट उचलून धरायचं. पाठीकडून खुर्ची धरून तळहात खाली ठेवून ती उचलायची. घरी खुर्चीच्या जागी पाण्याने भरलेला तांब्या वरून धरून उचलून पाहिला तरी चालतो. दुखणं त्याच बिंदूवर उठलं तर निदान जवळजवळ झालं. आतल्या बाजूचं दुखणं असेल तर हेच उलट्या दिशेने करायचं.

त्याआधीचा प्रश्न मात्र विचारायला वेळ काढावा लागतो: हात दिवसभर काय करतो? गेल्या दोन महिन्यांत कामात काय बदललं? नवा ठेका, दिवाळीची साफसफाई, फराळाच्या ऑर्डरी, नवं बाळ कडेवर, नुकतंच सुरू केलेलं जिम. काकूंना तीन इंजेक्शनं मिळेपर्यंत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. गणपतीच्या दिवसांत मोदकांची उकड मळायचं काम त्यांच्या अंगावर वाढलं होतं. दुखण्याची सुरुवात तिथली होती.

कोपर दुखतो म्हणजे कारण कोपरातच असेल असं नाही. मानेतल्या मणक्यांत दबलेली शीर हाताच्या बाहेरून अशीच कळ पाठवते. मान वळवल्यावर कळ उठत असेल, अंगठ्याशी मुंग्या येत असतील तर मान तपासायला हवी. दुखरा बिंदू हाडापासून तीन-चार बोटं खाली स्नायूत असेल तर तिथली शीर अडकलेली असू शकते. आतल्या बाजूला दुखतं आणि करंगळीला झिणझिण्या येतात, तेव्हा कोपरामागून जाणाऱ्या शिरेकडे बघावं लागतं. आणि कोपर गरम, लाल, सुजलेला, सोबत ताप; हे कंडरेचं दुखणं नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो. पडल्या-झडल्याचा इतिहास नसेल तर तो काढायची घाई नसते. सोनोग्राफीत जाड झालेली काळपट कंडरा आणि तिच्यात शिरलेल्या रक्तवाहिन्या दिसतात, खर्चही बेताचा. एमआरआय चित्र सुंदर देतो, पण चाळिशीनंतर न दुखणाऱ्या कोपरातही तो बदल दाखवतो. रिपोर्टमधला ‘पार्शियल टिअर’ वाचून माणूस हबकतो आणि शस्त्रक्रियेला तयार होतो, तेव्हा चित्रावर नव्हे, हातावर भरवसा ठेवणारा डॉक्टर सोबत हवा.

आता इंजेक्शन. कंडरेच्या मुळाशी स्टेरॉइड टोचण्याची पद्धत गेली कित्येक दशकं चालू आहे, कारण ते खरोखर लागू पडतं. कुठवर, हे २००२ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं. १८५ रुग्णांचे त्यांनी तीन गट केले: एकाला इंजेक्शन, दुसऱ्याला फिजिओथेरपी, तिसऱ्याला नुसता सल्ला आणि वाट पाहणं. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले ९२ टक्के बरे, फिजिओथेरपीवाले ४७, वाट पाहणारे ३२. इथे थांबलं तर निकाल लागलाच. पण ते वर्षभर थांबले. ५२ आठवड्यांनी इंजेक्शनच्या गटात बरे ६९ टक्के, फिजिओथेरपीच्या गटात ९१, आणि ज्यांनी काहीच विशेष केलं नाही त्यांच्यात ८३.

या आकड्यांपाशी मी बराच वेळ थांबलो. काही न करणारे इंजेक्शन घेणाऱ्यांच्या पुढे गेले. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या गटाने २००६ मध्ये तेच पाहिलं, आणि २०१३ मध्ये १६५ रुग्णांवर आणखी काटेकोर तपासणी केली. यावेळी तुलनेला खोटं इंजेक्शनही होतं. वर्षभराने स्टेरॉइड घेतलेल्यांत ८३ टक्के बरे किंवा खूप सुधारलेले, खोटं घेतलेल्यांत ९६. दुखणं उलटण्याचं प्रमाण स्टेरॉइडच्या बाजूला ५४ टक्के, दुसऱ्या बाजूला १२. इंजेक्शनच्या जोडीला व्यायाम दिला तरी हा तोटा भरून निघाला नाही.

आपल्या भाषेत याला कोपराला गूळ लावणं म्हणतात. गूळ दिसतो, वास येतो, जीभ पोचत नाही. दुखणं शमलं की माणूस दुसऱ्या दिवशी तितक्याच जोराने लाटणं धरतो, आणि स्टेरॉइडने मऊ पडलेल्या कंडरेवर पुन्हा तोच भार पडतो. त्यात कातडीचा रंग उडतो, खालची चरबी झडते, मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते. सावळ्या कातडीवर तो डाग जास्त उठून दिसतो. मुलीचं लग्न चार दिवसांवर आलं आहे आणि हात हलत नाही, अशा वेळी सगळं समजावून दिलेल्या एका इंजेक्शनला मी दोष देणार नाही. पण तीन-तीन, पुढचं काहीच न सांगता? त्यात मला उपचार दिसत नाही.

लागू पडतो तो उपचार दिसायला फार साधा आहे, म्हणून त्याची किंमत राहत नाही. कंडरेला पूर्ण विश्रांती दिली तर ती आणखी दुबळी होते. तिला मोजून भार द्यावा लागतो. पहिले काही दिवस दुखवणारी कामं कमी करायची, वस्तू उचलताना तळहात वर ठेवायचा, कोपर अंगाजवळ ठेवायचा. मग टेबलावर हात टेकून, मनगट कडेबाहेर, तळहात खाली. हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. दुसऱ्या हाताने मनगट वर उचलून द्यायचं आणि दुखऱ्या हाताने ते सावकाश, चार-पाच आकडे मोजत खाली सोडायचं. १० ते १५ वेळा, दिवसातून दोन-तीनदा. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये रबरी दांडा पिळण्याचा असाच व्यायाम तपासला आणि त्याचा गुण आला. घरी गुंडाळलेल्या टॉवेलवर तो जमतो. व्यायामाच्या वेळी थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या सकाळपर्यंत ते उतरलं नाही तर भार कमी करायचा. सहा आठवड्यांत फरक दिसू लागतो, बारा लागू शकतात.

हाडाच्या दोन बोटं खाली बांधायचा पट्टा कामाच्या वेळी उपयोगी पडतो; हाडावरच बांधला तर उलट टोचतो. दुखणं कमी करणारं मलम थोडे दिवस ठीक. शेक, मालिश यांनी बरं वाटतं, वाटू द्यावं. जोरात रगडून ‘शिरेवर चढलेली शीर’ उतरवणं मात्र टाळावं, तिथे उतरवण्यासारखं काही नसतं. शॉकवेव्हचे निकाल उलटसुलट आहेत. स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन, म्हणजे पीआरपी, सध्या खूप सुचवलं जातं. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या एका अभ्यासात ते स्टेरॉइडपेक्षा सरस ठरलं होतं. पण स्टेरॉइडशी तुलना करून सरस ठरणं सोपं आहे, हे वरच्या आकड्यांवरून कळलंच असेल. २०२१ मध्ये वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने सगळे अभ्यास एकत्र तोलले तेव्हा खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत त्याचा जाणवण्यासारखा फायदा दिसला नाही. महिन्याच्या पगाराला हात घालून ते घेण्याआधी एवढं तरी रुग्णाला सांगितलं जावं.

शस्त्रक्रिया म्हटली की मराठी माणसाला एकच कोपर आठवतो. ऑगस्ट २००४ मध्ये नेदरलँड्सच्या दौऱ्यावर सचिन तेंडुलकरचा कोपर दुखावला. ऑस्ट्रेलियाविरुद्धचे बंगळुरू आणि चेन्नईचे कसोटी सामने हुकले. नागपूरला तो परतला, पण दुखणं सोबत घेऊनच. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि महिन्यांमागून महिने गेले. त्याची जड बॅट चहाच्या टपरीवरच्या चर्चेचा विषय झाली. टेनिस एल्बो हा शब्द घरोघरी पोचला तो तेव्हा. २५ ऑक्टोबर २००५ ला नागपुरात श्रीलंकेविरुद्ध त्याने ९६ चेंडूंत ९३ धावा केल्या आणि डिसेंबरमध्ये दिल्लीला ३५ वं कसोटी शतक.

ती गोष्ट मनात ठसली, आणि शस्त्रक्रिया म्हणजे पक्का इलाज ही समजूतही. प्रत्यक्षात निर्शल यांच्या १९७९ च्या लेखात १,२१३ रुग्णांपैकी फक्त ८८ कोपरांवर शस्त्रक्रिया करावी लागली होती. बाकीचे तिच्याविना निभावले. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या अभ्यासात २६ रुग्णांपैकी निम्म्यांची खरी शस्त्रक्रिया झाली, उरलेल्यांची फक्त कातडी उघडून टाके घातले. दोन्ही गट सारखेच सुधारले. संख्या लहान आहे, त्यावरून दार बंद करता येत नाही. पण सहा महिने ते वर्षभर नेटाने व्यायाम करूनही हात निकामी राहिला, तरच शस्त्रक्रियेचा विचार करावा, इतकं तरी म्हणता येतं.

इथवर सबुरीची बाजू. आता घाईची.

वरच्या मजल्यावर गॅसचं सिलिंडर नेताना पाय घसरतो आणि ते सावरायला वाकलेला हात झटक्याने सरळ ओढला जातो. किंवा ट्रकमधून माल उतरवताना जोडीदाराची पकड सुटते आणि सगळं वजन एका हातावर येतं. कोपराच्या खोबणीत काहीतरी टप्‌कन तुटल्याचा आवाज, तीव्र कळ, दुसऱ्या दिवशी काळंनिळं. दंडाची बेटकुळी वर सरकलेली दिसते. कळ चार दिवसांत ओसरते, आणि फसगत होते ती इथेच. माणूस म्हणतो, लचक होती, गेली. हाडवैद्याकडून पट्टी बांधून घेतो. हात वाकतोही, कारण वाकवणारा दुसरा स्नायू खाली शाबूत असतो. पण पेचकस फिरवण्याची, किल्ली पिळण्याची ताकद सुमारे ४० टक्क्यांनी गेलेली असते. फिटरसाठी, सुतारासाठी ती रोजीच असते.

हे ओळखायला एक बोट पुरतं. कोपर काटकोनात, तळहात स्वतःकडे वळवलेला. तपासणाऱ्याने बाहेरच्या बाजूने आपली तर्जनी खोबणीतल्या दोराखाली आकड्यासारखी अडकवायची. दोर शाबूत असेल तर बोट अडकतं, तुटला असेल तर आकड्याला काही लागतच नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या शॉन ओड्रिस्कॉल यांनी २००७ मध्ये ही चाचणी मांडली. बांधकामावरच्या सुपरवायझरलाही ती शिकवता येईल, शिकवावीच.

अमेरिकेतल्या एका नोंदीत बायसेप्सचा दोर तुटण्याची ही इजा वर्षाला १ लाख माणसांत १.२ इतकीच आढळली, पण सिगारेट ओढणाऱ्यांत साडेसात पट. बहुतेक पुरुष, ४० ते ६० वयातले, कष्टाच्या हाताचे. शस्त्रक्रिया दोन-तीन आठवड्यांत झाली तर दोर सहज जागेवर बसवता येतो. नंतर तो आखडून चिकटतो, दुसरीकडची कंडरा जोडावी लागू शकते. वयस्कर माणसाला जड काम नसेल तर शस्त्रक्रियेशिवायही निभतं. ट्रायसेप्स तुटणं याहून दुर्मीळ. हात टेकून पडल्यावर कोपर डोक्यावर सरळ करता येत नसेल तर तिकडे लक्ष द्यावं, विशेषतः डायलिसिसवरच्या रुग्णांत आणि जिममध्ये स्टेरॉइड घेणाऱ्यांत. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन यांसारख्या अँटिबायोटिक्समुळेही कंडरा कमकुवत होऊन तुटू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ पासून त्यावर ठळक इशारा छापायला लावला आहे.

या सगळ्या ज्ञानाची वाट अडते ती एका साध्या ठिकाणी. बारा आठवडे हात जपायला सांगितलेल्या माणसाची रोजी बुडते. नवी मुंबईचा विमानतळ, स्टेशनांभोवती वाढणारे मनोरे, सगळं ज्यांच्या मुठींनी बांधलं गेलं, त्यांना ‘आराम करा’ हा सल्ला परवडत नाही, म्हणून ते इंजेक्शन मागतात. त्यांचं चुकत नाही. चुकतं ते कामाची मांडणी न बदलता हात बदलू पाहणाऱ्या आपल्या सगळ्यांचं. फिटरला दिवसातला काही वेळ तार पिळण्याऐवजी सळया मोजण्या-लावण्याचं काम देता येतं. तार बांधायचं बॅटरीवरचं यंत्र बाजारात मिळतं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली ‘दोन महिने हलकं काम’ असं लिहिता येतं, आणि ठेकेदाराने ते मानायला हवं.

काकूंच्या केंद्रात हे घडलं, फार न बोलता. दोघी बायकांनी पाळी लावून घेतली: तासभर लाटायचं, तासभर भाजायचं. ओट्यावरचा पोळपाट खालच्या टेबलावर आला, त्यामुळे लाटताना मनगट वर वाकत नाही, जोर खांद्यातून येतो. कणीक तिंबायला मालकांनी यंत्र घेतलं. बिसलेरीची अर्धी बाटली भरून काकू दुपारी जेवणानंतर व्यायाम करतात, शेजारची मुलगी मोठ्याने आकडे मोजते. डाग आहे तसाच आहे. अकराव्या आठवड्यात त्यांनी भरलेला तांब्या वरून धरून उचलला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, घ्या, पाणी प्या.